एका ठिणगीची कुळकथा

उज्जयिनी हे कालगणनेचे नगर. प्राचीन भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा या नगरीवरून नेली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने वेधशाळा बांधली, तीही येथे क्षिप्रेच्या काठी. १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, म्हणून आजही सम्राट यंत्राच्या सावलीवर आपल्याला वेळ वाचता येते. माझ्या वर्गातील मुलांना मी ती सावली दरवर्षी दाखवतो. परंतु आज मी ज्या कालमापनाविषयी बोलणार आहे, ते दगडी यंत्रातले नव्हे. ते एका जुन्या मोटारसायकलीच्या पोटात, अंगठ्याएवढ्या डबीत दडलेले आहे. सावली सरकायला जेवढा अवकाश लागतो, तेवढ्यात तेथे शेकडो ठिणग्या पडून जातात.

माझ्या घरी वडिलांच्या वेळची एक बुलेट आहे. सत्तरीच्या दशकातली, ३५० सी.सी.ची, सहा व्होल्टच्या बॅटरीची. काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, इंदूरहून येताना सांवेरच्या अलीकडे ती बंद पडली. अर्ध्या तासाने सुरू झाली, चार मैल चालली, सायलेन्सरमधून दोन बार उडवून पुन्हा थांबली. पुढे हा तिचा नेमच झाला. सकाळी थंड असता एका किकमध्ये सुरू व्हावी आणि अंग तापले की रुसून बसावी. मी ती एका मोठ्या दुकानात नेली. त्यांनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, बॅटरी नवी घातली. गुण आला नाही, तेव्हा सगळी वायरिंग काढून टाकावी, नाहीतर गाडीच भंगारात द्यावी, असा सल्ला मिळाला. सल्ला देणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती, हेही सांगितले पाहिजे.

भंगाराचा भाव मी खरोखरच विचारून आलो होतो. वाटेत देवास गेटाजवळच्या एका वृद्ध मिस्त्र्याने गाडी पाहिली. त्याने कोणताही भाग बदलला नाही. सिलिंडरमागची बॅकेलाइटची टोपी उघडली, स्विच लावला आणि मला किक मारायला सांगितले. आतल्या दोन इवल्या टोकांमध्ये निळसर-पांढरी ठिणगी चटचट उडत होती. म्हातारा म्हणाला, “मास्साब, करंट तो है, पर गलत जगह है।”

या एका वाक्यात त्या यंत्रणेचे सारे शास्त्र आलेले आहे. ते मला नंतर पुस्तके चाळून उलगडावे लागले, कारण मी काही यंत्रविद्येचा जाणकार नव्हे.

सहा व्होल्टची बॅटरी जिभेला लावली तरी चुणचुणीपलीकडे काही होत नाही. प्लगच्या टोकांमधली फट मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर असली, तरी दाबलेल्या वायूतून ती ओलांडायला दहा-पंधरा हजार व्होल्टची शक्ती लागते. ही वाढ घडवते ती इग्निशन कॉइल. लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी गुंडाळलेली असतात. एक जाड तारेचे, काहीशे फेऱ्यांचे; दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, हजारो फेऱ्यांचे. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की गाभा चुंबक बनतो. प्रवाह तोडला की ते चुंबकत्व कोसळते, आणि कोसळताना बारीक तारेत प्रचंड दाबाची वीज उत्पन्न करते. म्हणजे ठिणगी प्रवाह जोडल्याने पडत नाही, तोडल्याने पडते. आणि तोडणे जितके तडकाफडकी, तितकी ठिणगी जोरदार.

तोडण्याचे काम त्या दोन टोकांचे. त्यांना आमच्याकडचे सगळे मिस्त्री ‘प्लाटीन’ म्हणतात. एकेकाळी या टोकांना प्लॅटिनम लावीत. पुढे टंगस्टन आले, पण नाव प्लॅटिनमचेच राहिले. एक गाठाळ चाक फिरता फिरता ही टोके उघडते. उघडल्यावर त्यांत साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर अंतर पडावे लागते. मोजायला मोजपट्टी नसली, तर दाढीची चार पाती एकत्र धरतात, कारण एक पाते ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही टोके मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतात. आणि दट्ट्या वर पोचण्याच्या किंचित आधी, नेमक्या क्षणी उघडतात.

आता येथे एक अडचण आहे. प्रवाह तुटताना जाड वेटोळ्यातही दोन-तीनशे व्होल्टचा झटका बसतो. उघडणाऱ्या टोकांमधूनच तो उडी मारू पाहतो. तसे झाले की प्रवाह तडकन तुटत नाही, रेंगाळत तुटतो. प्लगपाशी ठिणगी मरते आणि प्लाटीन जळते. यावर उपाय म्हणून टोकांना समांतर एक धारित्र जोडतात. तोच आपला कंडेन्सर. तो झटका क्षणभर पोटात घेतो आणि टोकांना सुखरूप दूर होऊ देतो. त्याची क्षमता मायक्रोफॅरडच्या एकपंचमांशाच्या आसपास, किंमत एका बऱ्या थाळीपेक्षा कमी. माझ्या गाडीत मेला होता तो हाच. वीज होती, परंतु प्लगमध्ये उडण्याऐवजी प्लाटीनमध्ये उडत होती.

ही युक्ती सुचली कोणाला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला भेटला तो एक पाद्री. माझ्यासारख्या कॅथलिक शिक्षकाला याचा विशेष आनंद व्हावा, हे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

निकोलस कॅलन यांचा जन्म १७९९ साली आयर्लंडमधील लाउथ परगण्यात झाला. १८२३ मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. पुढे ते रोमला शिकायला गेले आणि तेथे गॅल्व्हानी व व्होल्टा यांच्या प्रयोगांनी त्यांना वेड लावले. १८२६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८६४ पर्यंत, ते मेनूथच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत राहिले. मेनूथ हे पाद्री घडवणारे विद्यालय. तेथील विद्यार्थ्यांना ईश्वरज्ञानाची ओढ. चुंबक आणि तारा यांची त्यांना काय मातब्बरी? सहकाऱ्यांनाही हा सारा वेळेचा अपव्यय वाटे. कॅलन यांनी मात्र तळघरासारख्या प्रयोगशाळेत, गावच्या लोहाराकडून लोखंडाचे प्रचंड नाल ठोकून घेऊन आपले काम चालू ठेवले. दुसऱ्या हाताने ते संत आल्फोन्सस लिगोरी यांच्या भक्तिपर ग्रंथांचे इंग्रजी भाषांतर करीत होते.

मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये विद्युत्-प्रवर्तनाचा नियम शोधला होता. १८३६ मध्ये कॅलन यांनी एकाच गाभ्यावर जाड व बारीक तारेची दोन वेटोळी बसवून पाहिली, आणि जाड तारेतील प्रवाह तोडताच बारीक तारेत भयंकर झटका मिळतो हे सिद्ध केले. बुलेटच्या टाकीखाली बसलेली कॉइल हीच. पुढच्या वर्षी त्यांनी एक मोठे यंत्र बांधले. त्यातील प्रवाह तोडण्यासाठी त्यांनी घड्याळाची यंत्रणा लावली, ती सेकंदाला सुमारे २० वेळा प्रवाह तोडी. माझी बुलेट रमतगमत चालली असता तिचे प्लाटीनही जवळजवळ याच गतीने उघडते, हे गणित मांडल्यावर मला मौज वाटली.

त्या काळी व्होल्टमीटर नव्हते. झटक्याचा जोर मोजायला माणूसच लागे, आणि तो बहुधा विद्यार्थी असे. विल्यम वॉल्श नावाचा एक विद्यार्थी अशा एका झटक्याने बेशुद्ध पडला, आणि पुढे तोच डब्लिनचा आर्चबिशप झाला, असे मेनूथमध्ये सांगतात. मी शिक्षक असल्यामुळे ही गोष्ट वर्गात सांगत नाही.

कॅलन यांचे नाव मात्र मागे पडले. पॅरिसमध्ये स्थायिक झालेला जर्मन कारागीर हाइनरिख रुमकॉर्फ याने १८५१ च्या सुमारास अशीच कॉइल अतिशय सुबक रीतीने बनवून बाजारात आणली. १८६४ मध्ये, कॅलन ज्या वर्षी वारले त्याच वर्षी, तिसऱ्या नेपोलियनने ठेवलेले ५०,००० फ्रँकचे व्होल्टा पारितोषिक रुमकॉर्फला मिळाले. रुमकॉर्फ कुशल होता, त्याची निंदा करण्याचे कारण नाही. पण जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वेटोळ्याला त्याचेच नाव चिकटले. मेनूथ पॅरिसपासून लांब होते, आणि पाद्र्याने पेटंट घेतले नव्हते. त्यांचे अग्रत्व विसाव्या शतकात पुन्हा मान्य झाले, आणि त्यांची वेटोळी आज मेनूथच्या संग्रहालयात ठेवलेली आहेत.

कंडेन्सरची जोड दिली ती आणखी एकाने. १८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ इपोलीत फिझो याने सुचवले, की प्रवाह तोडणाऱ्या टोकांना समांतर धारित्र जोडावे, म्हणजे टोकांवरची ठिणगी दबेल आणि बारीक तारेतील वाढेल. हाच तो फिझो, ज्याने १८४९ मध्ये दातेरी चाक फिरवून पृथ्वीवरच्या पृथ्वीवर प्रकाशाचा वेग मोजला. ज्याला प्रकाशाच्या धावेचे तुकडे करता येतात, त्याला प्रवाह तडकन कसा तोडावा हे सुचावे, यात नवल ते काय? धारित्र ही वस्तू तर त्याहून शंभर वर्षे जुनी. पोमेरेनियातील फॉन क्लाइस्ट या प्रॉटेस्टंट धर्माधिकाऱ्याने १७४५ मध्ये, आणि स्वतंत्रपणे हॉलंडातील लायडनच्या मुशेनब्रुक या प्राध्यापकाने पुढच्याच वर्षी, काचेच्या बरणीत वीज साठवता येते हे दाखवले. मध्ये काच आणि दोन्ही बाजूंना धातूचा पत्रा, एवढीच ती रचना. काचेच्या जागी मेणकागद घातला, पत्र्याच्या जागी चांदीच्या कागदासारखा पातळ वर्ख, आणि सारे गुंडाळून डबीत कोंबले, की माझ्या बुलेटचा कंडेन्सर तयार होतो.

१८६० मध्ये लन्वार याने आपले गॅसचे इंजिन रुमकॉर्फच्या कॉइलवरच पेटवले. १८९५ च्या सुमारास द दियाँ-बूताँ यांच्या तीन चाकी गाड्या बॅटरी, कॉइल आणि प्रवाह तोडणारी टोके घेऊन पॅरिसच्या रस्त्यांवर पळू लागल्या. दोष इतकाच, की बॅटरी वाटेत संपे. मग स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने फिरत्या चुंबकातून स्वतःच वीज निर्माण करणारा मॅग्नेटो १८९७ मध्ये अशाच एका तीनचाकीवर बसवला, आणि १९०२ मध्ये त्याचा सहकारी गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यातही आत दोन वेटोळी, प्लाटीन आणि कंडेन्सर हेच तीन गडी. बॅटरीची कटकट संपली, आणि बॉशचा मॅग्नेटो युरोपभर पसरला.

तो इतका पसरला, की १९१४ मध्ये ब्रिटनची मोठी फजिती झाली. महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनकडे पोलाद होते, कारखाने होते, विमाने आणि मोटारसायकली बनवणारे नामांकित कारागीर होते. पण त्यांच्या यंत्रांतली ठिणगी बहुतांशी जर्मनीहून येत होती. निरोपे सैनिक ज्या मोटारसायकलींवरून आघाडीवर चिठ्ठ्या पोचवणार, त्यांचे मॅग्नेटो शत्रूच्या गावात बनत होते! ब्रिटनमध्ये मॅग्नेटो बनवणारे कारखाने तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांपैकी बर्मिंगहॅमचा थॉमसन-बेनेट हा कारखाना जोसेफ लुकस कंपनीने त्याच वर्षी विकत घेतला, आणि पुढे दोन पिढ्या ब्रिटिश गाड्यांच्या विजेवर लुकसचे नाव राहिले. मोटारसायकल कोणाची, हे टाकीवरच्या नावावरून ठरत नाही, हे ब्रिटनला त्या वर्षी कळले. बिडाचे सिलिंडर कोणीही ओततो. परावलंबन लपून बसते ते अंगठ्याएवढ्या डब्यांत.

हाच धडा आपल्यालाही गिरवावा लागला. स्वातंत्र्यानंतर सरहद्दीवरील गस्तीसाठी आपल्या सेनेने बुलेट पसंत केली, आणि १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीला इंग्लंडमधील रेडिच येथून सुटे भाग येत आणि आपले लोक ते जोडीत. त्या गाडीला देशी म्हणावे काय? जोडणारे हात देशी होते, एवढे खरे. मग हळूहळू साचे आले, यंत्रे आली, आणि १९६२ च्या सुमारास सारे भाग येथेच होऊ लागले. आजूबाजूला विजेच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहत होते, म्हणून हे घडू शकले. बॉशशी संबंधित मायको कंपनी १९५१ मध्ये बंगलोरला स्थापन झाली होती. तिचे स्पार्क प्लग आमच्या पिढीने लहानपणापासून पाहिले. १९६१ मध्ये मद्रासच्या टी.व्ही.एस. घराण्याने लुकसशी भागीदारी केली. म्हणजे १९१४ मध्ये जी दोन नावे एकमेकांसमोर उभी ठाकली होती, ती पन्नास वर्षांच्या आत आपल्या दक्षिणेत शेजारी येऊन बसली. मैसूरला आयडियल जावाचा कारखानाही याच सुमाराचा. पुढे १९७० मध्ये इंग्लंडातील मूळ रॉयल एन्फील्डचा कारभार आटोपला, आणि मद्रासचा कारखाना बुलेट बनवीत राहिला. १९७७ पासून तर तिची इंग्लंडला निर्यात सुरू झाली.

या कथेत एक भारतीय नावही आहे आणि ते मोठे आहे. बुलेटमध्ये बॅटरी भरण्यासाठी जी वीज इंजिनावर निर्माण होते, ती क्षणोक्षणी दिशा बदलणारी असते. बॅटरीला हवी एकाच दिशेची. मध्ये बसतो तो एकदिशकारक, म्हणजे रेक्टिफायर. जुन्या गाड्यांत तो सेलेनियमच्या चकत्यांचा असे, नंतर सिलिकॉनचा झाला. वीज एका दिशेने जाऊ देणारा आणि दुसऱ्या दिशेने अडवणारा पदार्थ असू शकतो, हे ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये गॅलिनासारख्या खनिजांत पाहिले होते. त्याच गॅलिनाच्या स्फटिकाचा विद्युत्-लहरी ओळखण्यासाठी उपयोग करून जगदीशचंद्र बसूंनी १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला, आणि १९०४ मध्ये ते मंजूर झाले. अर्धसंवाहक पदार्थांच्या उपकरणाचे हे जगातले पहिले पेटंट मानले जाते. माझ्या गाडीतला रेक्टिफायर बसूंच्या स्फटिकाचा वंशज आहे असे नव्हे, पण भाऊबंद खचित आहे.

आणि बसूंना विज्ञानाची गोडी लावली कोणी? कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील फादर यूजीन लाफाँ या बेल्जियन जेझुइटाने. प्रयोग करून दाखवल्याखेरीज ते शिकवीत नसत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये भारतीय विज्ञान संवर्धन संस्था स्थापली, तेव्हा लाफाँ त्यांच्या पाठीशी उभे होते. पुढे बसूंनी आपल्या लहरी उत्पन्न केल्या, त्या इंडक्शन कॉइलच्याच ठिणगीतून. मेनूथच्या पाद्र्याचे वेटोळे आणि कलकत्त्याच्या पाद्र्याचा शिष्य यांची गाठ अशी एका मेजावर पडली.

परत देवास गेटाकडे येऊ. म्हाताऱ्याने प्लाटीन काढून माझ्या तळहातावर ठेवले. एका टोकावर बारीकसा उंचवटा होता, दुसऱ्यावर तेवढाच खड्डा. “ये देखो, इसका माल उसने खा लिया।” कंडेन्सर बिघडला की एका टोकाची धातू दुसऱ्या टोकावर जाऊन बसते, हे मी पुस्तकात नंतर वाचले. त्याला ते कोणी सांगितले होते, कोण जाणे. मग त्याने कंडेन्सर उलटसुलट करून पाहिला. तो थंड असताना त्याच्यात दोष सापडत नसे. तापला की आतला मेणकागद वीज गळू देई. मोठ्या दुकानाची फसगत झाली ती येथे. त्यांनी तपासणी सकाळी, थंड गाडीवर केली होती. त्यांना मी दोष देत नाही. आता नव्या गाड्यांत प्लाटीनही नाही आणि हा कंडेन्सरही नाही. जे ज्याने कधी पाहिलेच नाही ते त्याने कोठे शोधावे? परंतु आमच्या या शहरात टोपी उघडून निळी ठिणगी वाचू शकणारे हात आता मोजकेच उरले आहेत, आणि त्या हातांजवळ शिकायला कोणी बसलेले मला दिसले नाही. त्याचा नातू दुकानात होता. तो मोबाइल दुरुस्त करतो.

नवा कंडेन्सर बाजारात मिळाला, तोही तिसऱ्या प्रयत्नात. पहिले दोन डबीसकट नवे कोरे, पण आठवडाभर टिकले नाहीत. तिसरा म्हाताऱ्याने इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, टाकीखाली कॉइलजवळ बसवला आणि वायर लांबवून घेतली. प्लाटीन पॉलिश पेपरने घासून अंतर चार पात्यांवर बसवले. सगळे मिळून दीड तासाचे काम. जुनी कॉइल मात्र बदलावी लागली नाही. ती वडिलांच्या वेळचीच आहे.

मेलेला कंडेन्सर मी मागून घेतला आणि वर्गात मुलांसमोर कापला. आतून वर्खाच्या आणि मेणकागदाच्या लांबलचक पट्ट्या निघाल्या. कागदावर एका ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग होता. मुलांनी पट्ट्या बाकावर पसरल्या, आणि लायडनची बरणी मी फळ्यावर काढून दाखवली. आमच्या उपकरणांच्या कपाटात एक जुने लाकडी खोके आहे, त्यावर ‘रुमकॉर्फ कॉइल’ अशी चिठ्ठी आहे. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीखाली एका मुलीने पेन्सिलीने लिहिले होते, ‘कॅलन, १८३६’. मी ते पुसलेले नाही.